कागद आपला, गादी त्यांची!

गोंदिया जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी जा. देवरी असो, सालेकसा असो, आमगाव असो की अर्जुनी मोरगाव. बसस्थानकासमोर किंवा सरकारी दवाखान्याच्या फाटकाला लागून 'मेडिकल' हे असतेच. आत डोकावून पाहिले तर भिंतीवर काचेच्या चौकटीत काही कागद लटकवलेले दिसतात. एक असतो अन्न व औषध प्रशासनाचा दुकान-परवाना. दुसरा असतो महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेचा, फार्मासिस्टच्या नोंदणीचा. या दुसऱ्या कागदावरचे नाव आपण कधी वाचले आहे काय? एकदा वाचा. रामटेके, मेश्राम, गजभिये, वासनिक, खोब्रागडे! पुष्कळदा ते आपल्याच वस्तीतल्या मुलाचे नाव असते. आता नजर खाली आणा आणि काउंटरवर कोण उभा आहे ते पाहा. तो आपला मुलगा नसतो. तो मालकाचा पुतण्या असतो, नाहीतर दहावी नापास झालेला पगारी पोऱ्या.

मग कागदावरचा आपला मुलगा गेला कुठे? तो नागपूरच्या एखाद्या गोदामात राबतो आहे, किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसला आहे. त्याचा कागद मात्र इथे महिन्याच्या भाड्याने लटकतो आहे. या धंद्याला बाजारात सरळ शब्द आहे, 'सर्टिफिकेट भाड्याने देणे'. त्यात कोणाला लाज वाटत नाही, एवढी ती रीत रुळली आहे. आज आम्ही याच रीतीबद्दल बोलणार आहोत. काही जणांना ते झोंबेल. झोंबू द्या.

काही महिन्यांपूर्वी असाच एक तरुण आमच्याकडे वकीलपत्र घेऊन आला. आई बिडी वळते, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जाते. घरात बारावीच्या पुढे गेलेला हा पहिलाच. शिष्यवृत्तीवर डी.फार्म. केले, परिषदेत नाव नोंदले आणि महिना चार हजारांवर कागद एका दुकानदाराला दिला. दोन वर्षे तो त्या दुकानाची पायरी चढला नव्हता. एक दिवस औषध निरीक्षकाची तपासणी झाली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय जहाल प्रतिजैविके विकली गेली होती, त्यांची वही कोरी होती आणि फार्मासिस्ट जागेवर नव्हता. नोटिसा निघाल्या. दुकानदाराने लेखी उत्तर दिले की आमचा फार्मासिस्ट न सांगता गैरहजर राहतो, सर्व जबाबदारी त्याची! चार हजार देणारा हात क्षणात वर झाला. तो तरुण आम्हाला विचारत होता, "वकीलसाहेब, दुकान त्यायचं, औषध त्यायनं विकलं, मंग माझंच नाव काहून कापतेत?"

प्रकरण सुरू आहे, म्हणून नाव-गाव देत नाही. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर समाजातील प्रत्येक फार्मासिस्टला आणि त्याच्या आईवडिलांना कळले पाहिजे. उत्तर असे, की परवाना दुकानाचा असला तरी नोंदणी माणसाची असते. दुकानाचा परवाना रद्द झाला तर मालक भावाच्या, बायकोच्या नावावर नवा काढतो. नोंदवहीतून कापले गेलेले नाव तो कोणाच्या नावावर काढणार?

कायदा काय म्हणतो ते पाहू. फार्मसी कायदा 1948 चा. त्याच्या कलम 42 नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी तयार करून द्यायचे नाही, मोजून द्यायचे नाही. 1976 च्या दुरुस्तीपासून मोजलेली राज्यांची आठ वर्षांची मुदत 1984 साली संपली. तेव्हापासून ही बंदी टाळण्याची सबब कोणत्याही राज्याकडे उरली नाही. 2023 च्या जनविश्वास कायद्याने शिक्षेच्या तरतुदी बदलल्या, पण मूळ बंदी तशीच आहे. 1945 च्या औषध नियमांतील नियम 65 सांगतो की चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टच्या हातून किंवा त्याच्या व्यक्तिगत देखरेखीखाली दिले गेले पाहिजे. व्यक्तिगत देखरेख म्हणजे भिंतीवरच्या फोटोची देखरेख नव्हे! आणि फार्मसी कायद्याचे कलम 36 परिषदेला अधिकार देते, की व्यवसायात निंद्य वर्तन करणाऱ्याचे नाव, त्याचे म्हणणे ऐकून घेऊन, नोंदवहीतून काढता येते. 29 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिहारमधील बनावट फार्मासिस्टांच्या प्रकरणात (मुकेश कुमार विरुद्ध बिहार राज्य) स्पष्ट केले, की रुग्णालये व औषध दुकाने बनावट फार्मासिस्टांकडून चालवली जाणार नाहीत हे पाहणे फार्मसी परिषद आणि राज्य सरकार यांचे कर्तव्य आहे. लोकांच्या जिवाशी खेळ चालू देता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे.

कोणी म्हणेल, ही कायद्याची पोपटपंची झाली. पोटाचे काय? पोटाचे बोलूच. पण त्याआधी हा कागद आपल्या हाती कसा आला, ते आठवू.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिली आहे. 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त त्या शिक्षकाचे पत्र छापून आले होते. बाळंतीण बायको आजारी पडली. सवर्ण डॉक्टर वस्तीत पाऊल टाकायला तयार नव्हता. बाई आणि मूल यांना वस्तीबाहेर आणावे, या अटीवर तो आला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला, आणि तसेच ते परत गेले. न्यूमोनिया आहे असे सांगून त्याने औषध पाठवले. पुढे तो आला नाही आणि ती बाई मेली. तपासणारा हात आणि औषध देणारा हात आपल्याला शिवत नव्हता, ही गोष्ट शंभर वर्षांच्या आतली आहे.

असा तो काळ. 1948 च्या कायद्याने फार्मासिस्टांची पहिली नोंदवही उघडली, तेव्हा कलम 31 खाली पदवी-पदविकाधारकांबरोबरच दवाखान्यात पाच वर्षे औषधे बनवण्याचे काम केलेल्यालाही नाव नोंदवता येत होते. दार उघडे होते, पण अनुभवाचे होते. ज्याला औषधाच्या बाटलीला हातच लावू दिला नाही, त्याने पाच वर्षांचा अनुभव कुठून आणायचा? ज्यांच्या बापाचे दुकान होते ते आत गेले. आपल्यासाठी एकच दार उरले, शाळा-कॉलेजचे. ते दारही बाबासाहेबांनी उघडले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना 1942 साली त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मागितला आणि 1944 साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिलाच आपण आजवर 'भारत सरकारची स्कॉलरशिप' म्हणत आलो. देवरीच्या बिडी कामगाराचा मुलगा फार्मासिस्ट होतो तो या वाटेने.

म्हणजे परवान्याची ही व्यवस्था आपल्या बाजूची आहे, हे नीट समजून घ्या. बापाचे दुकान असलेल्याला ती सांगते, तुझी गादी पुरेशी नाही, शिकलेला माणूस दाखव. जातीने आणि भांडवलाने मिळालेल्या गादीपेक्षा शिकून मिळवलेला कागद तिने वर ठेवला. आणि आपण काय केले? तोच कागद महिना चार हजारांवर गादीवाल्याच्या पायाशी नेऊन ठेवला. जिथे आपल्यावाचून त्याचे कुलूप उघडत नाही, तिथे आपण किल्ली देऊन बाहेर उभे राहिलो. ही केवळ कायद्याची चूक नाही. चळवळीने कमावलेले आपण मातीमोल भावाने विकतो आहोत.

आणि याची किंमत कोण मोजतो? आपलेच लोक. विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणात आहे, गोंदिया त्याला अपवाद नाही. 1 जुलै 2023 रोजी केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, पण आजार घराघरांत त्याच्या आधीपासून आहे. या रुग्णांना दिले जाणारे हायड्रॉक्सीयुरिया वजनानुसार द्यावे लागते आणि अधूनमधून रक्त तपासावे लागते. मात्रा चुकली तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात. अंगातील कळा सहन होत नाहीत म्हणून हाच रुग्ण रात्री मेडिकलवर जातो आणि दुखणे थांबवायची गोळी मागतो. अशा गोळ्या वारंवार घेतल्या तर त्याच्या मूत्रपिंडाला धोका असतो, हे काउंटरवरच्या पोऱ्याला कोण सांगणार? जंगलपट्ट्यात मलेरिया आहे. त्यावरचे प्रायमाक्विन जी-सिक्स-पी-डी या द्रव्याची कमतरता असलेल्याला दिले तर रक्तपेशी फुटू शकतात. हे फार्मासिस्टला शिकवलेले असते. पोऱ्याला फक्त स्ट्रिपचा रंग आणि किंमत ठाऊक असते.

2025 साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतल्या कित्येकांनी नागपूरच्या रुग्णालयांत प्राण सोडला. ते विष कारखान्यात मिसळले होते, काउंटरवर ते ओळखता आले नसते, हे आम्हाला मान्य आहे. पण अशी बातमी फुटते तेव्हा कोणत्या बॅचची बाटली कोणत्या घरात गेली, हे कोण सांगणार? बिलावर बॅच नंबर लिहिणारा, वही ठेवणारा माणूस दुकानात असेल तरच बाटली लेकराच्या तोंडी जाण्याआधी परत मागवता येते. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या 'एच-1' यादीतील औषधांसाठी डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव आणि दिलेली मात्रा लिहिण्याची वही सक्तीची आहे आणि ती तीन वर्षे जपायची असते. आमच्या अशिलाच्या दुकानात कोरी होती ती हीच वही.

आता आपल्या मुलांच्या आवडत्या विषयाकडे येऊ. पुष्कळांना परदेशात जायचे आहे. जरूर जा. 2003 सालापासूनची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती त्यासाठीच आहे. पण तिकडे भाड्याचा कागद चालत नाही. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2009 पासून प्रत्येक औषध दुकानात त्या दिवशीचा 'जबाबदार फार्मासिस्ट' कोण, हे नाव लावून जाहीर करावे लागते, आणि दुकान चालू असताना तो दिवसातून दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू शकत नाही. आखाती देशांत आधी मूळ संस्थेकडून कागदांची पडताळणी होते, काम केल्याचा दाखला मागतात आणि मग परीक्षा घेतात. ज्याने दोन वर्षे कागद भाड्याने दिला, तो कोणता अनुभव दाखवणार? खोटा दाखला लावला तर तिथे काळ्या यादीत जाणार. अमेरिकेत 1 जानेवारी 2003 नंतर पदवी घेतलेल्याला परदेशी फार्मासिस्टांच्या परीक्षेसाठी निदान पाच वर्षांचा अभ्यासक्रम दाखवावा लागतो. आपले बी.फार्म. चार वर्षांचे. आपल्याकडे सहा वर्षांचे फार्म.डी. 2008 साली आले, तेव्हा त्या देशाची ओढ असणाऱ्याने बारावीनंतरच विचार करावा. एजंट हे सांगत नाही.

उलट दिशेचेही ऐका. बाहेरून फार्मसी शिकून आलेला भारतीयही इथे आपोआप फार्मासिस्ट होत नाही. कलम 14 नुसार त्या परदेशी संस्थेची पदवी भारतीय फार्मसी परिषदेने मान्य केलेली असावी लागते. परदेशी नागरिकाला तर आणखी एक अट आहे. ज्या देशाने पदवी दिली त्या देशात ती पदवी असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला तो व्यवसाय करू दिला जात असेल तरच त्याला इथे मुभा मिळते. म्हणून फी भरण्यापूर्वी ती पदवी मान्य आहे की नाही, हे परिषदेकडून लेखी विचारून घ्या. जगात कुठेही जा, नोंदणी माणसाला चिकटलेली असते. ती फक्त आपल्याकडे भिंतीला चिकटवली जाते.

आता पोटाचे. आम्ही मुलांना दोष देऊन मोकळे होणार नाही. दुकानदार म्हणतो, उभा राहिलास तर सहा हजार देतो, घरी बसलास तर चार. दिवसाचे बारा तास उभे राहून दोन हजार जास्त मिळणार असतील तर मुलगा दुसरे काम शोधणारच. सरकारी दवाखान्यांत कायम भरती लांबते आणि कंत्राटी भरतीवर भागवले जाते. तिकडे कॉलेजांचे पीक आले आहे. नव्या कॉलेजांना परिषदेने घातलेली बंदी, ती रीतसर कायद्याने घातलेली नव्हती म्हणून, 15 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. कॉलेजे काढणारे प्रस्थापित, फी भरणारी आपली शिष्यवृत्ती! काही ठिकाणी हजेरीवाचून पदविका मिळते, मग हजेरीवाचून नोकरी मिळते. दोन्हीकडे नाव आपले आणि नफा त्यांचा. डी.फार्म. नंतर नोंदणीपूर्वी परीक्षा घेण्याचा नियम 2022 साली आला. या परीक्षेला घाबरू नका. ज्याला खरे येते त्याच्यासाठी ती ढाल आहे.

शासनही निर्दोष नाही. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी 'फार्मासिस्ट हजर पाहिजे' हा नियम प्रत्यक्षात राबवायला घेतला, तेव्हा औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी 2013 साली राज्यात बंद पुकारला. कायदा पाळायला लावला म्हणून बंद! त्या वेळी भाड्याच्या कागदांवरची आपली मुले गप्प होती, कारण त्यांचेही हात अडकलेले होते. आणि फार्मसी परिषद मुंबईत. गोंदियाहून मुंबई रेल्वेने साडेनऊशे किलोमीटरच्या पुढे आहे. पूर्व विदर्भातल्या मुलाला नोटीस आली तर वकिलाची फी दूरच, तिकिटाचे पैसे जमवता जमवता तारीख निघून जाते.

तर करायचे काय? आमचे म्हणणे चार गोष्टींत सांगतो.

पहिली, ज्यांचे कागद दुसऱ्याच्या भिंतीवर आहेत त्यांनी ते उतरवावेत. दुकानदाराला आणि अन्न व औषध प्रशासनाला, दोघांनाही लेखी कळवावे की अमुक तारखेपासून मी या दुकानात काम करत नाही, आणि पोच घ्यावी. तोंडी सांगून चालत नाही. आमचा अशील तिथेच फसला.

दुसरी, जो उभा राहतो त्याने नेमणूकपत्र, बँकेतून पगार आणि हजेरीची नोंद मागावी. ज्याच्या नावावाचून दुकान चालू शकत नाही त्याने मिंधे का राहायचे? एकेकटा मागेल तर मालक दुसरा कागद शोधेल. तालुक्यातले सर्व फार्मासिस्ट एका दराला अडून बसले तर त्याला दुसरा कागद मिळणार नाही. संघटित व्हा, हे बाबासाहेबांनी मोर्चापुरते सांगितले नव्हते.

तिसरी, स्वतःचे दुकान काढा. किरकोळ औषध दुकानासाठी नियमाने फक्त दहा चौरस मीटर जागा लागते, म्हणजे एक खोली. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ 1978 पासून आहे. जनऔषधी केंद्राच्या योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदाराला फर्निचर व संगणकासाठी दोन लाखांपर्यंत सहाय्याची तरतूद ठेवली गेली. महामंडळाच्या खेट्यांत चपला झिजतात हे आम्हालाही माहीत आहे. म्हणूनच समाजातील नोकरदारांनी वर्गणी विहाराच्या फरशीपुरती न ठेवता चार फार्मासिस्टांच्या एका दुकानालाही द्यावी.

चौथी मागणी शासनाकडे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील फार्मासिस्टची रिकामी पदे कायमस्वरूपी भरा. फार्मसी परिषदेच्या सुनावण्या पूर्व विदर्भासाठी नागपुरात घ्या. आणि तपासणीत भाड्याचा कागद सापडला तर भाडे घेणाऱ्याइतकीच शिक्षा भाडे देणाऱ्यालाही करा. आज गरिबाचे नाव कापले जाते आणि श्रीमंताचे दुकान दुसऱ्या पाटीखाली चालू राहते. हा न्याय नव्हे.

भगवान बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत विषाचा व्यापार आहे. अडाणी हाताने, चुकीच्या माणसाला, चुकीच्या मात्रेत दिलेले औषध विषच असते. त्यावर आपले नाव लावून घरबसल्या पैसे घेणे ही सम्यक आजीविका नव्हे. ज्या तथागताने अतिसाराने लोळणाऱ्या भिक्खूला धुण्यासाठी स्वतःच्या हाताने पाणी ओतले, त्याच्या अनुयायाने रुग्णासमोरून पळ काढायचा नसतो.

येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाण्यापूर्वी प्रत्येक फार्मासिस्टने एवढे करावे. आपला कागद कुठे लटकतो आहे ते जाऊन पाहावे. त्याखाली उभे राहायची तयारी असेल तर पांढरा कोट घालून उभे राहावे. नसेल तर तो कागद घरी आणावा आणि ज्या आईने बिड्या वळून तो मिळवून दिला, तिच्या हाती द्यावा.